दोन ताऱ्यांचा एक तारा कसा होतो

दोन ताऱ्यांची टक्कर म्हटले की दोन अनोळखी तारे अवकाशातून भरधाव येऊन समोरासमोर धडकल्याचे चित्र आपण मनात रंगवतो. आपल्या आकाशगंगेच्या बहुतेक भागात असे घडणे जवळजवळ अशक्य आहे. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे आणि त्याचा सर्वांत जवळचा शेजारी असलेला प्रॉक्झिमा हा तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत सूर्याएवढे जवळपास तीन कोटी तारे ओळीने मांडता येतील. इतक्या विरळ वस्तीत दोघांची योगायोगाने गाठ पडण्याची वाट पाहायची म्हटली, तर विश्वाचे आजवरचे १३८० कोटी वर्षांचे वयही पुरणार नाही.

तरीही दर काही वर्षांनी आपल्या आकाशगंगेत कुठेतरी दोन ताऱ्यांचा एक तारा होतो. हे शक्य होते, कारण एकत्र येणारे तारे मुळात अनोळखी नसतात. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळपास निम्म्या ताऱ्यांना निदान एक जोडीदार असतो आणि सूर्यापेक्षा कितीतरी जड असलेल्या निळ्या ताऱ्यांमध्ये तर एकटा तारा हाच अपवाद ठरतो. असे जोडतारे एकाच वायुमेघातून जन्मतात आणि कोट्यवधी वर्षे एकमेकांभोवती फिरत राहतात. त्यांपैकी काही जोड्यांची कक्षा हळूहळू आकसत जाते आणि शेवटी दोघांना वेगळे राहण्यास जागाच उरत नाही. त्यामुळे या घटनेला टक्कर म्हणण्यापेक्षा मिलन म्हणणे मला अधिक योग्य वाटते. अपघातात जे काही व्हायचे ते क्षणार्धात होते. इथे अखेरचे काही दिवस सोडले, तर सगळी गोष्ट विलंबित लयीत चालते.

हे सगळे गणितावरून कितीही पटले, तरी प्रत्यक्ष पुरावा हवाच होता, आणि तो एका ताऱ्याने दिला. २ सप्टेंबर २००८ रोजी कोइची निशियामा आणि फुजिओ काबाशिमा या जपानी हौशी आकाशनिरीक्षकांना वृश्चिक तारकासमूहात, आकाशगंगेच्या मध्यभागाच्या दिशेला, पूर्वी न दिसलेला एक तारा आढळला. आरंभी त्याची नोंद नेहमीच्या नवताऱ्यांमध्ये झाली आणि त्याला व्ही १३०९ स्कॉर्पिआय हे नाव मिळाले. मात्र थोड्याच दिवसांत त्याचे वागणे नवताऱ्याला न शोभणारे आहे, हे लक्षात आले. नेहमीचा नवतारा म्हणजे श्वेतबटू ताऱ्याच्या, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या लहानशा घन गाभ्याच्या, पृष्ठभागावर साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट. त्यात उडालेले कवच विरळ होत जाते तसतसा आतला तप्त भाग उघडा पडतो आणि वर्णपटात चढत्या तापमानाच्या खुणा दिसू लागतात. हा तारा मात्र मंदावताना थंड आणि तांबडा होत गेला, आणि शेवटी त्याच्या वर्णपटात एखाद्या राक्षसी तांबड्या ताऱ्यात सापडावेत तसे रेणू दिसू लागले.

या ताऱ्याचा पूर्वेतिहास मात्र आधीच लिहून ठेवलेला होता. पोलंडमधील वॉर्सा विद्यापीठाचा ‘ओगल’ नावाचा एक निरीक्षण प्रकल्प आहे. चिलीतील लास कंपानास येथील १.३ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने आकाशगंगेच्या मध्यभागाकडील कोट्यवधी ताऱ्यांची तेजस्विता रात्रीमागून रात्र मोजणे हे त्याचे काम. त्याचा मूळ हेतू अगदी वेगळा होता. एखादी अदृश्य वस्तू दूरच्या ताऱ्यासमोरून गेली, तर तिच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्या ताऱ्याचा प्रकाश काही काळ वाढतो. असे प्रसंग टिपण्यासाठी तो १९९२ साली सुरू झाला. व्ही १३०९ ज्या जागी उजळला, ती जागा ऑगस्ट २००१ पासून याच दुर्बिणीच्या नजरेखाली होती. रोमुआल्ड टिलेंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी बाहेर काढल्या आणि २०११ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: स्फोटापूर्वी तिथे एक तारा नव्हता, एकमेकांना चिकटलेले दोन तारे होते.

ओगल प्रकल्पामागची कल्पना बोहदान पाचिन्स्की या खगोलशास्त्रज्ञांची. याच पाचिन्स्कींनी १९७६ साली, दोन तारे एकाच वायूच्या आवरणात सापडले म्हणजे त्यांची कक्षा कशी आकसत जाईल, याचा सिद्धान्त मांडला होता. एप्रिल २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या सुमारास व्ही १३०९ ची जोडी त्यांनीच सुचवलेल्या प्रकल्पाच्या दुर्बिणीसमोर अखेरच्या फेऱ्या मारत होती, पण त्या ताऱ्याकडे तोवर कोणाचे लक्षही गेलेले नव्हते.

आता त्या नोंदींत काय होते ते पाहू. २००२ साली या जागेचा प्रकाश सुमारे ३४ तासांच्या चक्रात दोनदा वाढत होता आणि दोनदा कमी होत होता. दोन तारे एकमेकांना आळीपाळीने झाकतात आणि फिरताना आपली लांबट बाजू आणि अरुंद बाजू आपल्याला आलटून पालटून दाखवतात, तेव्हा असाच आलेख मिळतो. चक्राचा कालावधी कक्षेच्या आकाराशी थेट बांधलेला असतो; कक्षा लहान झाली की फेरी लवकर पूर्ण होते. पुढच्या सहा वर्षांत हा कालावधी सुमारे १.२ टक्क्याने, म्हणजे साधारण २५ मिनिटांनी घटला. आकडा किरकोळ वाटेल, पण ताऱ्यांच्या जगात ही घट अचाट आहे, कारण अशा जोड्यांच्या कालावधीत एरवी वर्षाला सेकंदाचा काही अंश इतकाच बदल अपेक्षित असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घटण्याचा वेग दरवर्षी वाढत होता. सोबतच आलेखाचा आकारही बदलला. दोन उंचवट्यांपैकी एक बसत गेला आणि २००७ पर्यंत एकच उंचवटा शिल्लक राहिला. त्यानंतर तो तारा काही महिने लक्षणीय मंदावला. मार्च २००८ पासून त्याचे तेज पुन्हा हळूहळू वाढू लागले, ऑगस्टच्या अखेरीस अवघ्या काही दिवसांत ते शेकडो पटींनी चढले, आणि सगळा हिशेब केला तर मूळच्या सुमारे दहा हजार पट झाले. त्यानंतर ते ३४ तासांचे चक्र पुन्हा कधी दिसले नाही.

मिलनाआधीचा, मिलनाच्या वेळचा आणि नंतरचा अशा तिन्ही अवस्थांचा सलग पुरावा यापूर्वी कोणत्याच ताऱ्याने दिलेला नव्हता. म्हणून या विषयावर कोणीही बोलू लागले की व्ही १३०९ पासूनच सुरुवात होते.

कक्षा आकसते कशामुळे, हा खरा प्रश्न आहे. ग्रह सूर्याभोवती अब्जावधी वर्षे फिरूनही त्यात पडत नाही. मग ताऱ्यानेच का पडावे? फिरणाऱ्या जोडीजवळ कोनीय संवेग असतो, म्हणजे फिरण्याचा एक ठेवा असतो, आणि तो आपोआप नाहीसा होत नाही. दोन तारे जवळ यायचे असतील, तर हा ठेवा कोणीतरी बाहेर नेला पाहिजे. सूर्यासारख्या ताऱ्यांमध्ये हे काम चुंबकीय वारा करतो. ताऱ्याच्या पृष्ठभागावरून विद्युतभारित कणांचा झोत सतत निघत असतो आणि ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र त्या कणांना बऱ्याच अंतरापर्यंत आपल्याबरोबर फिरवत नेते. त्यामुळे वस्तुमान नगण्य गेले, तरी संवेग मात्र पुष्कळ जातो. एकटा तारा त्यामुळे उतारवयात सावकाश फिरू लागतो. आपला सूर्य स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला सुमारे २५ दिवस घेतो, त्याचे कारण हेच. जवळच्या जोडीत मात्र भरती-ओहोटीच्या बलांमुळे ताऱ्याचे स्वतःभोवती फिरणे आणि जोडीदाराभोवती फिरणे एकमेकांशी जखडलेले असते, आपला चंद्र जसा पृथ्वीला कायम एकच बाजू दाखवतो तसे. स्वतःभोवतीच्या फिरण्याला ब्रेक लागला की तो ब्रेक कक्षेलाही लागतो आणि दोघे किंचित जवळ सरकतात.

काही जोड्यांत तिसरा ताराही हातभार लावतो. दूरवरून फिरणारा हा तिसरा तारा आतल्या जोडीची कक्षा हळूहळू लांबुळकी करतो. त्यामुळे दोघे प्रत्येक फेरीत एकदा फार जवळ येतात, भरतीच्या घर्षणात ऊर्जा गमावतात आणि कक्षा लहान होत जाते. हा केवळ तर्क नाही. तीन दिवसांपेक्षा कमी काळात एकमेकांभोवती फिरणाऱ्या सूर्यासारख्या जोड्यांची २००६ साली झालेली पाहणी सांगते की त्यांपैकी ९६ टक्के जोड्यांना तिसरा साथीदार असतो.

आणखी एक कारण म्हणजे वय. ताऱ्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपत आला की तारा फुगू लागतो. एकटा असेल तर त्याने खुशाल फुगावे. जोडीतल्या ताऱ्याच्या फुगण्याला मर्यादा आहे. प्रत्येक ताऱ्याभोवती एक प्रदेश असा असतो, की ज्याच्या आत त्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण वरचढ ठरते. त्या सीमेबाहेर गेलेला वायू जोडीदाराकडे ओढला जातो. दोन्ही ताऱ्यांनी आपापली सीमा भरून काढली, की भुईमुगाच्या दोनदाणी शेंगेसारखा एकच पिंड तयार होतो: आत दोन गाभे आणि बाहेरून दोघांना वेढणारे एकच टरफल. अशा चिकटलेल्या जोड्या आकाशात हजारोंनी सापडल्या आहेत. सप्तर्षी तारकासमूहातील डब्ल्यू अर्सा मेजॉरिस ही जोडी त्यांचे आदर्श उदाहरण. ती १९०३ पासून ठाऊक आहे आणि तिची एक फेरी आठ तासांत पूर्ण होते.

चिकटलेली जोडी लगेच एक होते असे नाही. ती त्याच अवस्थेत कोट्यवधी वर्षे राहू शकते. तिचा कडेलोट कधी होतो, याचे गणित एका जुन्या आणि अनपेक्षित ठिकाणाहून आले. चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव जॉर्ज डार्विन यांनी १८७९ साली भरती-ओहोटीच्या परिणामांचा अभ्यास करताना दाखवून दिले, की स्वतःभोवती फिरण्यात गुंतलेला संवेग कक्षेतल्या संवेगाच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त झाला, तर अशी जखडलेली जोडी स्थिर राहू शकत नाही. त्याचे कारण सरळ आहे. कक्षा थोडी आकसली की फेरीचा वेग वाढतो, आणि त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी ताऱ्यांना स्वतःभोवतीही अधिक वेगाने फिरावे लागते. त्यासाठी लागणारा संवेग कक्षेतूनच घ्यावा लागतो, म्हणून कक्षा आणखी आकसते, वेग आणखी वाढतो, आणि हे चक्र थांबवणारे काही उरत नाही. एक तारा जड आणि फुगलेला, तर दुसरा अगदीच हलका असेल, तर ही वेळ लवकर येते. व्ही १३०९ मध्ये तसेच होते: मोठ्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या साधारण दीडपट आणि धाकट्याचे त्याच्या एक-दशांशाच्या घरात.

अखेरच्या टप्प्यात आणखी एक दार उघडते. सामायिक आवरण फुगता फुगता जोडीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या एका बिंदूपर्यंत पोहोचते, जिथे दोघांची ओढ आणि फिरण्यामुळे बाहेर फेकले जाणे यांचा तोल साधलेला असतो. तिथून वायू बाहेर निसटतो आणि कक्षेच्या प्रतलात गोल वळणे घेत दूर जातो. वस्तुमान थोडेच जाते, पण जाताना तो वायू संवेग भरपूर घेऊन जातो, म्हणजे घसरणीला जणू उतारच मिळतो. २००७ मध्ये व्ही १३०९ मंदावला, त्याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण हेच आहे: आपण ती जोडी जवळपास कडेवरून पाहत होतो आणि तिने स्वतःच फेकलेल्या वायूचा आणि धुळीचा आडपडदा आपल्या नजरेआड आला. ज्याला आपण अंताची पूर्वखूण म्हणू, ती तेज वाढण्याची नसून कमी होण्याची असावी, ही गोष्ट मला फार उद्बोधक वाटते.

मग प्रत्यक्ष मिलन. वर दिलेली वस्तुमाने आणि कालावधी धरले, तर दोन्ही गाभ्यांमधले अंतर सुमारे ४४ लाख किलोमीटर येते. सूर्य आणि बुध यांच्यातल्या अंतराचा हा तेरावा भाग झाला. एकमेकांच्या तुलनेत त्यांचा वेग सेकंदाला दोनशे किलोमीटरांहून थोडा अधिक होता. धाकट्या ताऱ्याचा गाभा मोठ्याच्या वायूत शिरला की घर्षणाने कक्षेतली ऊर्जा उष्णतेत बदलते. ती किती असेल याचा ढोबळ हिशेब मांडता येतो: सूर्य काही लाख वर्षांत जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो, तेवढी कक्षेच्या या साठ्यात होती. ती सगळी प्रकाश म्हणून बाहेर पडत नाही. बरीचशी आवरण फुगवण्यात आणि त्याचा काही भाग कायमचा दूर लोटण्यात खर्च होते. उरलेली महिनाभरात प्रकाशरूपाने दिसते, आणि तेवढ्याने तो तारा काही काळ सूर्याच्या सुमारे तीस हजार पट तेजस्वी होता.

इथे स्फोट हा शब्द जपून वापरायला हवा. अणुकेंद्रांच्या संमीलनाचा या प्रकाशात जवळपास काही वाटा नाही. सगळी शक्ती गुरुत्वाकर्षणाची आहे. दोन्ही गाभे फुटत नाहीत. ज्याचा वायू अधिक घन आणि ज्याची एन्ट्रॉपी, म्हणजे द्रव्यातली अव्यवस्था, कमी, तो गाभा मध्यभागी जाऊन बसतो आणि दुसऱ्याचा वायू त्याच्याभोवती पसरतो. बाहेर फेकले जाणारे वस्तुमान एकूणाच्या काही टक्क्यांइतकेच असते. दोन ताऱ्यांचे बहुतेक सगळे द्रव्य नव्या ताऱ्यात टिकते.

तांबडेपणाचे कोडेही याच वायूत आहे. फेकलेला वायू पसरताना थंड होतो आणि पाच-सहा हजार अंशांच्या आसपास त्यातली हायड्रोजनची मोकळी केंद्रके आणि इलेक्ट्रॉन पुन्हा एकत्र येऊन अणू बनतात. असे झाले की दोन गोष्टी एकदम होतात: अणू बनताना ऊर्जा मुक्त होते, आणि आधी अपारदर्शक असलेला वायू पारदर्शक होतो. त्यामुळे आपल्याला दिसणारा पृष्ठभाग नेहमी त्याच तापमानाच्या थराशी अडकून राहतो आणि तेज काही आठवडे किंवा महिने फारसे न घटता टिकते. नतालिया इवानोवा आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली याच तर्काने अशा उद्रेकांच्या तेजाचा आणि कालावधीचा मेळ लावून दाखवला. पुढे तापमान तीन हजार अंशांखाली उतरते, रेणू बनतात, रेणूंपासून धूळ बनते, आणि ती धूळ सगळा प्रकाश शोषून अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. डोळ्यांना तारा विझल्यासारखा वाटतो. अवरक्त दुर्बिणीला मात्र तो वर्षानुवर्षे चमकताना दिसतो. अशा उद्रेकांना खगोलशास्त्रज्ञ तेजस्वी तांबडे नवतारे म्हणतात.

या वर्गातला सर्वांत देखणा तारा मात्र व्ही १३०९ नव्हे. जानेवारी २००२ मध्ये शृंगाश्व तारकासमूहात सापडलेला व्ही ८३८ मोनोसेरोटिस हा तारा सुमारे वीस हजार प्रकाशवर्षे दूर आहे आणि ऐन भरात तो सूर्याच्या लाखो पट तेजस्वी झाला होता. त्याचे नाव ज्यांनी ऐकलेले नसेल, त्यांनीही हबल दुर्बिणीने टिपलेले त्याचे चित्र कुठे ना कुठे पाहिलेले असते: मध्यभागी एक लालसर ठिणगी आणि भोवती धुळीची उजळलेली वलये. पुढच्या काही वर्षांच्या चित्रांत ती वलये झपाट्याने वाढताना दिसली, आणि अनेकांनी तो फेकला गेलेला वायू समजला. वास्तविक ती धूळ तिथे आधीपासूनच होती. उद्रेकाचा प्रकाश निरनिराळ्या अंतरावरच्या धुळीला उजळत आपल्याकडे उशिराने पोहोचत होता; वाढत होती ती उजेडाची सीमा. इथे मिलनापूर्वीच्या जोडीचा तपशीलवार आलेख कोणाकडे नव्हता. त्यामुळे हा तारा कोणत्या घटनेतून उजळला, याबद्दल बरीच वर्षे अनेक मते होती. वृश्चिकातल्या त्या मंद जोडीने पुरावा दिल्यावरच या भव्य चित्राचा अर्थही पक्का झाला.

नव्या ताऱ्याचे पुढे काय होते? पहिला परिणाम म्हणजे तो आपल्या वयापेक्षा तरुण दिसतो. वस्तुमान वाढल्यामुळे तो अधिक तप्त आणि अधिक निळा होतो आणि गाभ्यात काही प्रमाणात ताजा हायड्रोजनही मिसळतो. ॲलन सँडेज यांना १९५३ साली एम ३ या बंदिस्त तारकागुच्छात असे काही निळे तारे आढळले, जे त्या गुच्छाच्या वयाचा विचार करता केव्हाच फुगून तांबडे व्हायला हवे होते. गुच्छातले सगळे तारे साधारण एकाच वयाचे असतात, म्हणून हे मागे रेंगाळलेले निळे तारे चटकन उठून दिसतात. त्यांपैकी काही जोडीदाराचे वस्तुमान ओढून घेऊन तरुण झालेले असतात, काही मिलनातून. आणि खऱ्या अर्थाने टक्कर जिथे होऊ शकते, ती जागाही हीच. दाट बंदिस्त गुच्छांच्या मध्यभागी, सूर्याच्या आसपास जेवढ्या जागेत एखादाच तारा सापडतो, तेवढ्यात लाखभर तारे असू शकतात. सूर्यासारखे दोन तारे तिथे एकमेकांच्या ओढीने आदळले, तर स्पर्शाच्या क्षणी त्यांचा सापेक्ष वेग सेकंदाला सहाशे किलोमीटरांच्या घरात असेल. तरीही दोघांचे द्रव्य फारसे उधळत नाही आणि त्यातून एकच जड तारा उरतो.

दुसरा परिणाम चुंबकत्वाचा. जड ताऱ्यांपैकी साधारण दहात एका ताऱ्याला प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते, आणि सूर्यात ज्या उकळत्या बाह्य थरामुळे चुंबकत्व तयार होते, तसा थर या ताऱ्यांना नसल्यामुळे हे क्षेत्र येते कुठून हे कोडे होते. फाबियान श्नायडर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली संगणकावर सूर्याच्या नऊपट आणि आठपट वस्तुमानाच्या दोन ताऱ्यांचे मिलन घडवून पाहिले. मिसळताना वायूचे थर एकमेकांवरून इतक्या जोराने घासले जातात, की मुळातले क्षीण क्षेत्र ताणले जाऊन अनेक पटींनी बळावते, असे त्यात दिसले. त्यांच्यासमोरचे आकाशातले उदाहरण म्हणजे टाउ स्कॉर्पिआय. हा तारा पाहण्यास दुर्बिणीची गरज नाही. ज्येष्ठा नक्षत्रात मध्यभागी लाल ज्येष्ठा आणि तिच्या दोन बाजूंना दोन पांढऱ्या तारका दिसतात. त्यांतली वृश्चिकाच्या शेपटीच्या बाजूची तारका म्हणजे टाउ. ती चुंबकीय आहे आणि तिच्या जन्मसोबत्यांपेक्षा तरुणही दिसते. उन्हाळ्याच्या रात्री दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलात, तर बहुधा मिलनातून जन्मलेला एक तारा तुम्ही नुसत्या डोळ्यांनी पाहत असता. २०२४ साली याच तर्काला आणखी बळ मिळाले. एचडी १४८९३७ या जोडीतला एक तारा चुंबकीय आहे आणि आपल्या जोडीदारापेक्षा निदान १५ लाख वर्षांनी लहान भासतो. जोडीत असे वय जुळत नाही, म्हणून पूर्वी तिथे तीन तारे असावेत आणि त्यांतले दोन एक झाले असावेत, असा निष्कर्ष निघाला. त्यांच्याभोवतीचा वायूचा ढग अवघ्या साडेसात हजार वर्षांपूर्वीचा आहे.

ज्या ताऱ्यांचे इंधन संपलेले असते, त्यांची मिलने निराळ्या जातीची असतात, आणि त्यांच्याबद्दल स्वतंत्रपणेच लिहायला हवे. तिथे चुंबकीय वाऱ्याऐवजी गुरुत्वीय लहरी कक्षेतली ऊर्जा बाहेर नेतात. दोन श्वेतबटूंच्या मिलनातून कधी एक विचित्र, हायड्रोजनविरहित तारा उरतो, तर कधी दोघेही अतिनवताऱ्याच्या स्फोटात नष्ट होतात. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे मिलन १७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींच्या उपकरणांनी प्रथम टिपले. वासुकी तारकासमूहातील एनजीसी ४९९३ या दीर्घिकेतून, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून आलेला तो संकेत शंभर सेकंदांच्या आसपास टिकला आणि तो संपल्यावर १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत पोहोचला. पुढच्या दिवसांत त्या ठिकाणच्या प्रकाशात जड मूलद्रव्ये नव्याने तयार होत असल्याच्या खुणा मिळाल्या. सोने आणि प्लॅटिनम घडवणारी प्रक्रिया ती हीच. त्यानंतर मंद होत गेलेल्या रेडिओ लहरींच्या निरीक्षणात नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीचाही वाटा होता. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तिच्यामुळे अशा घटनांची आकाशातली जागा अधिक अचूक ठरवता येईल. साध्या ताऱ्यांच्या मिलनाचा मात्र तिला पत्ता लागणार नाही, कारण ते इतके विस्तीर्ण आणि विरळ असतात, की त्यांच्या लहरी या उपकरणांच्या टप्प्यात येतच नाहीत.

साध्या ताऱ्यांसाठी प्रकाशाच्या आलेखावरच भिस्त ठेवावी लागते, आणि त्यावरून पुढचे मिलन आधीच सांगता येईल का, याचा एक प्रयत्न होऊन गेला आहे. हंस तारकासमूहातल्या केआयसी ९८३२२२७ या चिकटलेल्या जोडीचा ११ तासांचा कालावधी वाढत्या वेगाने घटत असल्याचे सांगून अमेरिकेतील लॅरी मोलनार यांच्या गटाने जानेवारी २०१७ मध्ये भाकीत केले, की २०२२ च्या सुमारास ही जोडी एक होईल आणि तो उद्रेक नुसत्या डोळ्यांना दिसेल. जगभर त्याची बातमी झाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा आधीच्या एका शोधनिबंधातल्या पिधानाच्या, म्हणजे एका ताऱ्याने दुसऱ्याला झाकण्याच्या, वेळेत छपाईची चूक असल्याचे उघड झाले आणि भाकीत कोसळले. मोलनार यांच्या गटाने ते मान्य केले. मला त्यात त्यांचा कमीपणा वाटत नाही. वर्ष सांगून तपासता येईल असे भाकीत करायला धैर्य लागते, आणि जुन्या नोंदीतली चूक त्याशिवाय सापडलीही नसती.

छपाईची चूक एकदा दुरुस्त होते; निसर्गातली फसवणूक अधिक चिवट आहे. चिकटलेल्या बहुतेक जोड्यांना तिसरा साथीदार असतो, हे वर आलेच आहे. त्याच्याभोवती फिरताना जोडी काही वर्षे आपल्या दिशेने सरकत असते, प्रकाशाला दरवेळी थोडे कमी अंतर कापावे लागते आणि पिधाने अपेक्षेपेक्षा लवकर दिसू लागतात. कक्षा तसूभरही न आकसता कालावधी घटल्याचा भास होतो. काही वर्षांनी जोडी दूर जाऊ लागली, की हाच आलेख उलटा फिरतो. खऱ्या मिलनात तो उलटत नाही, उत्तरोत्तर अधिक तीव्र होत जातो. म्हणून एका जोडीवर दहा-दहा वर्षे नजर ठेवणे भाग पडते. चिलीतील सेरो पाचोन येथील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. दक्षिणेकडचे आकाश दर तीन-चार रात्रींनी पूर्ण टिपत दहा वर्षे निरीक्षण करण्याची तिची योजना आहे. तिच्या नोंदींत चिकटलेल्या असंख्य जोड्या असतील. त्यांतून मोठ्या ताऱ्याच्या साधारण एक-दशांश वस्तुमानाचा धाकटा साथीदार असलेल्या, कालावधी सतत घटणाऱ्या आणि आलेखातला एक उंचवटा बसत चाललेल्या मोजक्या जोड्या निवडून काढणे, आणि त्या मंदावू लागण्याआधी त्यांच्याकडे मोठ्या दुर्बिणी वळवणे, हे या क्षेत्रातल्या संशोधकांचे पुढचे काम आहे.